तिथली भाषा येत नाही? मग ही तयारी पुण्यातच उरकून निघा

परदेशात भाषेवाचून अडतं ते मोजक्याच ठिकाणी: इमिग्रेशनच्या खिडकीवर, टॅक्सीत, हॉटेलच्या काउंटरवर, जेवताना, तिकीट काढताना, औषधाच्या दुकानात आणि काही हरवलंच तर पोलीस चौकीत. बाकी दिवसभर आपण चालतो, बघतो, फोटो काढतो. त्याला कुठलीच भाषा लागत नाही. त्यामुळे निघायच्या आधी दोन महिने ॲपवर ‘मुलगी सफरचंद खाते’ छाप वाक्यं घोकण्यात फारसा अर्थ नाही. हे सात-आठ प्रसंग समोर धरायचे, प्रत्येक वेळी समोरच्याला काय दाखवायचं ते ठरवायचं आणि लिहून, छापून सोबत न्यायचं. दाखवलेल्या वाक्यात उच्चार चुकत नाही आणि समोरचा माणूस ते हवं तितक्या वेळा वाचू शकतो.

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांची यातली बरीचशी कामं मॅनेजर करतो. हा लेख स्वतःची तिकिटं स्वतः काढून जपान, थायलंड, व्हिएतनाम, जर्मनी, इटली अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी आहे, आणि मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच एकटे निघालेल्या आई-बाबांसाठीही.

चार कार्डं

निघण्याच्या साधारण पंधरा दिवस आधी चार कार्डं करायला घ्या: पत्त्याचं, जेवणाचं, तब्येतीचं आणि अडचणीचं. फोनमध्ये हे सगळं ठेवता येतं, पण बॅटरी संपते, फोन पडतो, आणि भटारखान्यातल्या माणसाच्या ओल्या हातात आपण तो देत नाही. कागद बिनधास्त देता येतो.

मजकूर आधी साध्या इंग्रजीत लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट, आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त नको. ‘पण’, ‘जर’, ‘शिवाय’ आले की वाक्य तोडा. मग ते भाषांतराच्या ॲपमधून हव्या त्या भाषेत न्या, आलेला मजकूर उचला आणि दुसऱ्या ॲपमध्ये टाकून परत इंग्रजीत आणा. अर्थ हलला असेल तर मूळ इंग्रजी वाक्य बदला. परक्या भाषेतल्या मजकुरात अंदाजाने एखादा शब्द बदलू नका. शेवटी ती भाषा येणाऱ्या एखाद्या माणसाच्या नजरेखालून घाला. पुण्यात हे अवघड नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, बोट क्लब रस्त्यावर माक्स म्युलर भवन आहे, आणि जपानी शिकणारं कुणी ना कुणी तर प्रत्येकाच्या सोसायटीत किंवा ऑफिसात सापडतंच. पाच वाक्यं तपासायला पाच मिनिटं लागतात. थाई आणि व्हिएतनामी जाणणारं माणूस मात्र इथे सहज मिळत नाही. तिथे उलट भाषांतराच्या तपासणीवरच भागवावं लागतं.

छापताना एक हमखास घोटाळा होतो. थाई किंवा जपानी मजकुराची वर्डची फाइल झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात, कारण तो फाँट त्या मशीनवर नसतो. दुकानदाराला लिपी ओळखता येत नाही आणि घाईत आपलंही लक्ष नसतं. म्हणून फाइल पीडीएफ करून न्या, किंवा फोनवरचा स्क्रीनशॉट चित्र म्हणून छापा. अक्षरं १८ पॉइंटांची तरी हवीत. हॉटेलात उजेड कमी असतो आणि स्वयंपाकी कागद हातभर लांब धरून वाचतो. एका ए-फोर कागदावर चार कार्डं बसतात. जेवणाचं आणि तब्येतीचं कार्ड लॅमिनेट करा. पत्त्याचं करू नका, कारण हॉटेल बदललं की त्यावर पेनने लिहावं लागतं. प्रत्येक माणसाकडे स्वतःचा संच हवा. सगळे कागद नवऱ्याच्या बॅगेत आणि बायको दुसऱ्या डब्यात, असं झालं की केलेली तयारी वाया जाते.

पत्त्याच्या कार्डावर हॉटेलचं नाव आणि पत्ता तिथल्या लिपीत हवा. बुकिंगच्या साइटवर बहुधा रोमन अक्षरांतला पत्ता असतो आणि चीनमधल्या टॅक्सीवाल्याला तो वाचता येईलच असं नाही. हॉटेलला ईमेल करून स्थानिक लिपीतला पत्ता मागवून घ्या. खाली हॉटेलचा फोन नंबर लिहा. जपानमध्ये पत्ता रस्त्याच्या नावावरून नसतो, गटांच्या क्रमांकांवरून असतो, त्यामुळे चालकही अडखळतो. पण तिथल्या गाडीतल्या नेव्हिगेशनमध्ये फोन नंबर टाकला की बऱ्याचदा थेट ठिकाण सापडतं. त्याखाली जवळचं मेट्रो स्टेशन आणि बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांक. मोठ्या साखळीतलं हॉटेल असेल तर शाखेचं पूर्ण नाव लिहाच. एका शहरात एकाच नावाची पाच-सहा हॉटेलं असतात आणि रात्री अकराला चुकीच्या शाखेसमोर बॅगा उतरवण्यासारखा वैताग नाही.

युरोपातल्या छोट्या हॉटेलांत आणि भाड्याच्या घरांत संध्याकाळनंतर काउंटरवर माणूस नसतो. किल्ली आकडे जुळवून उघडणाऱ्या पेटीत ठेवलेली असते. विमान उशिरा पोचणार असेल तर तसं आधीच लेखी कळवा आणि पेटीचा आकडा, पेटी कुठे आहे, हे लेखीच मागवा. फोनवर ऐकलेल्या जर्मन-इंग्रजी आकड्यांच्या भरवशावर दारात उभं राहू नका.

जेवणाचं कार्ड: इथे वेळ घाला

सगळ्यात जास्त गोंधळ जेवणात होतो, आणि तो भाषांतर चुकल्यामुळे होत नाही. ‘मी शाकाहारी आहे’ याचं भाषांतर अचूक झालं तरी समोरच्याच्या डोक्यातला शाकाहार वेगळा असतो. युरोपात अनेकांना मासे त्यात चालतात असं वाटतं. जपानमध्ये भाजीच्या वाटीत मांस दिसत नाही, पण ज्या पाण्यात ती शिजली त्याला ‘दाशी’ म्हणतात आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसापासून केलेलं असतं. मिसो सूप, उडोन, शिजवलेल्या भाज्या, टेम्पुराबरोबरचं पाणीदार सॉस, सगळीकडे ते येतं. थायलंडमध्ये ‘नाम प्ला’, व्हिएतनाममध्ये ‘नुक माम’ म्हणजे माशाचं सॉस, आपल्याकडे मीठ पडतं तसं पडतं. इटलीत पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात आणि रिसोटोत मांसाचं पाणी असू शकतं.

म्हणून कार्डावर विशेषण लिहू नका, पदार्थांची यादी लिहा. त्याचा क्रम असा:

पहिली ओळ: ‘मी पुढील पदार्थ खात नाही.’ मग मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, मांसाचं किंवा माशाचं पाणी, माशाचं सॉस, डुकराची चरबी, जिलेटिन.
दुसरी ओळ: ‘मी हे खातो.’ भाज्या, भात, नूडल्स, टोफू, डाळी, दूध, चीज. अंडं चालत असेल तर इथे, नसेल तर वरच्या यादीत.
तिसरी ओळ: ‘या पदार्थात वरचं काही आहे का?’ आणि खाली ठळक दोन चौकोन: ‘आहे’, ‘नाही’. समोरचा फक्त बोट ठेवतो.
चौथी ओळ: ‘नसेल असा पदार्थ कृपया मेनूवर दाखवा.’

चौथी ओळ सगळ्यात कामाची. ‘हे काढून द्याल का’ असं विचारलं की जपानमध्ये अनेकदा नकार मिळतो, कारण दाशी सकाळीच करून ठेवलेलं असतं, त्यातून काढण्यासारखं काही नसतं. ‘काय चालेल’ असं विचारलं की माणूस शोधू लागतो. प्रश्न नकारार्थी विचारू नका. ‘यात मासे नाहीत ना?’ याला जपानी माणूस ‘हाइ’ म्हणाला तर ‘बरोबर, नाहीत’ असा अर्थ होतो. आपण ‘हो, आहेत’ असं समजून उठतो. उलटही घडतं आणि ते जास्त वाईट. ‘चोत्तो…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर तो नकार आहे. पुढे रेटू नका.

जैन पथ्य असेल तर कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालची कंदमुळं वरच्या यादीत घाला. इथे पूर्व आशिया युरोपापेक्षा सोपा आहे. थायलंडमध्ये ‘जे’ नावाचं बौद्ध शाकाहारी जेवण मिळतं: मांस-मासे नाहीत, अंडं-दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असतात, ती पाहताना इंग्रजी आकडा १७ लिहिल्यासारखा भास होतो. त्याच देशात ‘मंगसवीरत’ लिहिलेलं असेल तर तो आपल्या नेहमीच्या शाकाहारासारखा प्रकार, अंडं असू शकतं. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ हा शब्द पाटीवर शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, तेव्हा अशा जेवणाची सोय जास्त दिसते. तैवानमध्ये पाकिटावर शाकाहाराचा प्रकार छापलेला असतो आणि कांदा-लसूण नसलेला प्रकार वेगळा लिहिलेला असतो.

दुकानातली पाकिटं कॅमेऱ्याने वाचताना ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. जपानच्या सक्तीच्या यादीत अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा वगैरे आहेत. मासे त्यात नाहीत. चौकट स्वच्छ आणि आत माशाचा अर्क, असं सर्रास होतं. पूर्ण घटकयादी वाचा. युरोपीय संघात ॲलर्जीचे १४ घटक ठळक छापावे लागतात आणि मासे त्यात आहेत, पण मांस ॲलर्जीत मोडत नाही, म्हणून तेही ठळक दिसणार नाही.

खरीच ॲलर्जी असेल (शेंगदाणा, तीळ, कोळंबी) तर वेगळं कार्ड करा आणि पहिलंच वाक्य ‘हे खाल्लं तर माझ्या जिवाला धोका आहे’ असं ठेवा. आवडीनिवडी आणि ॲलर्जी एकाच यादीत घातल्या की स्वयंपाकी दोन्हींना आवडनिवड समजतो.

फोन

भाषांतराच्या ॲपमध्ये तिथली भाषा आणि इंग्रजी अशा दोन्हींची ऑफलाइन पॅक घरच्या वाय-फायवर उतरवा. शहराचा नकाशाही तसाच. मग फ्लाइट मोड टाका आणि सोफ्यावर बसून सगळं चालतंय का बघा: टाइप करून, बोलून, कॅमेऱ्याने. ऑनलाइन चालणारा एखादा भाग ऑफलाइन बंद पडतो, हे परक्या स्टेशनात कळण्यापेक्षा कोथरूडमध्ये कळलेलं बरं.

मराठीतून थेट भाषांतर करता येतं, पण मराठीतल्या काही सवयी यंत्राला झेपत नाहीत. आपण कर्ता गाळतो. ‘उद्या सकाळी निघणार, बॅग ठेवाल का?’ यात कोण निघणार ते यंत्र अंदाजाने ठरवतं. ‘परवा’ म्हणजे गेलेला की येणारा, हेही त्याला नेमकं कळत नाही. म्हणून तारीख आकड्यात लिहा, वेळ २४ तासांच्या घड्याळात लिहा आणि प्रत्येक वाक्यात ‘मी’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ घाला. सोपं इंग्रजी येत असेल तर तेच वापरा. मराठीचं बरंचसं भाषांतर आतल्या आत इंग्रजीवरूनच जातं, मधला एक टप्पा तरी वाचतो.

बोलून भाषांतर करण्याची सोय शांत खोलीत छान चालते, स्टेशनवर आणि बाजारात नाही. तिथे टाइप करा आणि अक्षरं मोठी करून दाखवा. कॅमेरा छापील पाट्या उत्तम वाचतो, हाताने लिहिलेला मेनू वाचताना गळाठतो. अनोळखी माणसाच्या हातात उघडा फोन देऊ नका. आपल्या हातात धरून दाखवा.

चीनचं वेगळं. तिथल्या सिमवर गूगलची ॲप आणि व्हॉट्सॲप उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग वापरलं तर डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमार्गे जातो, त्यामुळे ती बहुधा चालतात. तरीही भाषांतराचं एक दुसरं ॲप ऑफलाइन पॅकसह ठेवाच.

भारतीय सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी त्यावर रोमिंग सुरू करून घ्या आणि डेटासाठी ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच बसणारं सिम, घ्या. ई-सिम बसवायला इंटरनेट लागतं, म्हणून ते घरीच बसवायचं, उतरल्यावर फक्त चालू करायचं. कार्डावर परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या नियमामुळे नवी कार्डं मुळात देशातल्या व्यवहारांपुरतीच चालू असतात. ‘कार्ड चालत नाही’ यावर परक्या भाषेत वाद घालत बसलेल्यांपैकी अनेकांचं कारण एवढंच असतं.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. चीनमधल्या देशांतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून तिथलं ‘थ्री-सी’ हे सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही. इथे घेतलेल्या पॉवर बँकेवर ते चिन्ह आहे का बघा. नसेल तर तपासणीत ती काढून घेतील.

आकडे, तारखा, मजले

भाव विचारताना बोलू नका, कॅल्क्युलेटर पुढे करा. बोटांवर मोजण्यातही फसगत आहे: जर्मन माणूस अंगठ्यापासून एक मोजतो, चिनी माणूस सहा ते दहा एकाच हाताने दाखवतो. जर्मनी-इटलीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला बिंदू असतो, १.५०० म्हणजे दीड हजार आणि १,५० म्हणजे दीड.

थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो, इसवी सनात ५४३ मिळवायचे. पाकिटावर २५६९ लिहिलं असेल तर ते २०२६ आहे. जपानमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते, सरकारी कागदांवर सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं ‘रेइवा’ वर्ष दिसतं. रेइवा ७ म्हणजे २०२५.

मजल्यांचं तसंच. जपानमध्ये जमिनीलगतचा मजला पहिला. युरोपात बहुतेक ठिकाणी तो शून्य, जर्मनीच्या लिफ्टमध्ये ‘ईजी’. इटलीत आणि फ्रान्समध्ये नळावर ‘सी’ लिहिलेलं असेल तर ते गरम पाणी, भाजून घेऊ नका. पोर्तुगालमध्ये दारावर ‘पूश’सारखं वाचलं जाणारं काही दिसलं तर ओढा.

कार्डाच्या मशीनवर रुपये की स्थानिक चलन असा पर्याय आला तर नेहमी स्थानिक चलन. रुपयांत आकारणी घेतली की मशीनवाल्याचा दर लागतो आणि तो महाग असतो. पडद्यावरची भाषा कळत नसली तरी चलनाची चिन्हं कळतात.

रस्त्यावर आणि स्टेशनात

स्टेशनांची नावं पाठ करू नका, क्रमांक लिहून घ्या. टोकियोच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनाला अक्षर आणि आकडा असतो. गिन्झा लाइनवरचं गिन्झा म्हणजे ‘जी ०९’. बँकॉकच्या स्काय ट्रेनमध्ये मो चित ‘एन ८’, असोक ‘ई ४’. आकडे वाढतायत की कमी होतायत यावरून आपण उलट्या दिशेच्या गाडीत बसलो का, ते पहिल्या स्टेशनातच कळतं.

वाट विचारताना ‘ही गाडी क्योटोला जाते का?’ असं विचारू नका. परक्या माणसाला नाराज करू नये म्हणून लोक मान हलवतात. क्योटोचं नाव लिहिलेला कागद पुढे करा आणि हाताने ‘कुठून?’ अशी खूण करा. त्याला बोट दाखवावंच लागतं. आपण मान डोलावतो तशी डोलावू नका. तिकडे त्याचा अर्थ हो की नाही, ते कळत नाही. बल्गेरियात तर हो-नाहीच्या माना उलट्या हलतात. स्पष्ट शब्द बोला किंवा अंगठा-बोट वापरण्यापेक्षा कागदावर खूण करा.

तिकिटाच्या यंत्रावर बहुधा झेंड्यांची खूण असते, भाषा तिथे बदलते. खरी चूक पुढे होते. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. प्रागमध्येही मेट्रोत शिरताना पिवळ्या यंत्रात. तिकीट खिशात आहे, पैसे भरलेत, तरी शिक्का नसेल तर दंड होतो, आणि ‘माहीत नव्हतं’ हे तपासनीस रोज ऐकतो. जर्मनीत काही गाड्या वाटेत तुटून दोन दिशांना जातात. डब्याच्या बाहेरच्या पाटीवर आपल्या गावाचं नाव आहे ना, ते चढण्याआधी जुळवा; आरक्षण असेल तर डब्याचा क्रमांकही.

आई-बाबा एकटे निघाले असतील तर

त्यांच्यासाठी एक पानी पत्र करा, इंग्रजीत आणि शक्य तर तिथल्या भाषेत: नावं, मुलाचा किंवा मुलीचा पत्ता आणि फोन, राहण्याच्या तारखा, परतीच्या विमानाचा क्रमांक. इमिग्रेशनवर बहुधा हेच विचारतात: कशाला आलात, किती दिवस, राहणार कुठे, परतीचं तिकीट. उत्तर विचारलं तेवढंच द्यायचं. ‘मुलीकडे, सहा आठवडे’ पुरे. जावई कुठल्या कंपनीत आहे हे सांगायची गरज नाही. मदत म्हणून व्हीलचेअर घ्यायची असेल तर ती निदान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवा. चालता येत असलं तरी पायाचा किंवा दमण्याचा त्रास असेल, विमान बदलायचं असेल, तर यात कमीपणा नाही. मदतनीस थेट पुढच्या गेटपर्यंत नेतो.

फ्रँकफर्टमध्ये विमान बदलून पुढे शेंगेन देशात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एखाद्यात) जायचं असेल तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टलाच होते, शेवटच्या गावी नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. दोन विमानांमधला वेळ त्या हिशेबाने जास्त ठेवा. थायलंडला जाणाऱ्यांनी डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट खरी नव्हे.

बॅगेतल्या डब्यांकडे बघा. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरला खसखस चालत नाही, म्हणजे अनारसे आणि खसखस घातलेली बाकरवडी तिकडे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे: पेढे, बर्फी, तूप घरीच राहू द्या. कस्टमवाल्याला ‘हा फक्त फराळ आहे’ हे समजावण्यापेक्षा न नेणं सोपं.

तोंडाने बोलायचं ते किती?

नमस्कार, धन्यवाद, माफ करा, हे तीन शब्द. बस. जपानीत ‘सुमिमासेन’ एवढ्या एका शब्दावर हाक मारणं, वाट मागणं आणि माफी तिन्ही भागतात. उच्चार देवनागरीतच लिहून ठेवा, इंग्रजीत नको. आपल्याला ‘प’ आणि महाप्राण ‘फ’, ‘क’ आणि ‘ख’ हा फरक मुळातच ऐकू येतो आणि थाईत तोच लागतो: ‘खॉप खुन’, पुढे पुरुषांनी ‘ख्राप’, बायकांनी ‘खा’. सूर मात्र देवनागरीत मावत नाहीत. थाई, चिनी, व्हिएतनामीत सूर बदलला की शब्द बदलतो, म्हणून गावाचं किंवा पदार्थाचं नाव बोलण्यापेक्षा लिहिलेलं दाखवा.

दुखलं-खुपलं, हरवलं

तब्येतीच्या कार्डावर रक्तगट, आजार, ॲलर्जी आणि औषधांची जेनेरिक नावं मिलिग्रॅमसकट लिहा. ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळत नाही. पॅरासिटामॉललाही जपान आणि अमेरिकेत ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ म्हणतात. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घ्या. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि ट्रामाडॉल अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाहीत. नाक चोंदल्यावरच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये बंदी आहे.

मोजमापं बदलून लिहा. आपल्या घरात ताप फॅरनहाइटमध्ये सांगतात. ‘एकशे एक’ म्हटल्यावर जर्मन डॉक्टर गोंधळेल, ३८.३ सेल्सिअस लिहा. साखर काही देशांत मिलीमोल प्रति लिटरमध्ये मोजतात: आपल्या आकड्याला १८ ने भागा, १८० म्हणजे १०. दुखणं सांगताना बोटाने जागा दाखवा आणि कागदावर कधीपासून ते तारीख-वेळेसकट लिहा.

नंबर कागदावर हवेत. युरोपीय संघात कुठेही ११२. जपानमध्ये पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९; पर्यटकांसाठी इंग्रजीतून चोवीस तास मदत ०५०-३८१६-२७८७ वर. थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९. दक्षिण कोरियात पर्यटकांची हेल्पलाइन १३३०. दुकानदाराशी बोलणं अडलं तर तिथला माणूस फोनवरून दुभाषाचं कामही करतो. प्रवास विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि मदत क्रमांक याच कार्डावर. दवाखान्यात जाण्याआधी विमावाल्यांना फोन करा, म्हणजे इंग्रजी बोलणारा दवाखाना तेच सांगतील आणि पैसे भरण्याचाही प्रश्न सुटेल.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस. अडचणीच्या कार्डावर तिथल्या भाषेत तीन वाक्यं असू द्या: ‘माझा पासपोर्ट हरवला आहे. मला लेखी तक्रारीची प्रत हवी आहे. कृपया इंग्रजी बोलणाऱ्याला बोलवा.’ प्रतीवर क्रमांक आणि शिक्का आहे ना, ते बघा. विमा कंपनी पुढे इंग्रजी भाषांतर मागू शकते; थाई किंवा व्हिएतनामीचा अनुवादक पुण्यात शोधत बसण्यापेक्षा भाषांतर तिथेच करून घ्या. मग ती प्रत, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स आणि फोटो घेऊन भारतीय दूतावासात. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या झेरॉक्स मूळ पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवलेल्या असतील तर हे काम खूप लवकर होतं. घाई असेल तर दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो, पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं. पुढचे देश रद्द करावे लागतात. नवा पासपोर्ट इथे आल्यावर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करून मिळतो, आणि त्यालाही पोलिसांची तीच प्रत लागते.